पाच पुढे, दोन मागे

मळीकांची दीक्षा कापड घेऊन आली तेव्हा
डिचोलीचा बुधवारचा बाजार उठत होता.
म्हणाली, काका, हाकामा शिवाल?
मी म्हटलं, आधी सांग, तो माणूस की परकर?

मोबाइलवर फोटो दाखवला.
वर पांढरा अंगरखा, कमरेला पट्टा, पट्ट्यात तलवार,
खाली निळा घेर घोट्यापर्यंत,
दोन पायांचा, पण चालताना एकच दिसणारा.
तलवार लाकडाची, ती म्हणाली,
आमच्या च्यारीने किंदळीची करून दिली.
शिकवतो आग्नेल फुर्तादो. आगबोटीवर इंजिनात होता,
कोबे बंदरात बोट दुरुस्तीला लागली की
हा उतरून तलवार शिकायला जायचा.

चाळीस वर्षं मी या मशीनवर.
दशावतारी राजाचा झगा शिवला, राक्षसाचा शिवला
(नट एकच, रात्र एकच, म्हणून हूक पुढे).
पण चुण्या मोजून सांगणारं
आणि प्रत्येक चुणीला गुणाचं नाव देणारं
गिऱ्हाईक पहिलंच.
पुढे पाच, मागे दोन.
तिने चारच नावं सांगितली,
उरलेली फुर्तादोलाही आठवत नाहीत म्हणे.

तीनदा उसवला.
पाठीशी एक फळी येते, कंबर ताठ राहावी म्हणून.
पुठ्ठा घातला, तो मऊ पडला.
मग कॉलरचं बकरम, चार थर.

आमचा बाप बार्जवर होता.
या तालुक्यातला डोंगर
मांडवीतून मुरगावला, तिथून जपानला गेला.
बाप लाल होऊन घरी यायचा,
आई त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.
डोंगर संपला. खड्ड्यात आता हिरवं पाणी आहे, खोल.
आणि इतक्या वर्षांनी तिकडून
माझ्या टेबलावर एका पँटचं माप आलं.
तक्रार नाही. माप बरोबर होतं.

निळा रंग सुटतो. बोटांना, नखांत.
बायको म्हणाली, आज कोणाचा झगा? कृष्णाचा?

शनिवारी शटर अर्धं ओढलं.
शिवलेलं कसं पडतं ते टांगून कळत नाही,
अंगावरच कळतं.
हे कारण. दुसरं नव्हतं.
आधी डावा पाय.
ओबी नऊ हात. (मी ओवी ऐकलं होतं.)
गुंडाळता गुंडाळता पोट आत गेलं,
खांदे मागे, कोणी न सांगता,
आणि फळी पाठीला टेकली
जसा होडीत चढताना बाप हात टेकवायचा.

आरशात एक म्हातारा, टेप गळ्यात तशीच.
गज हातात घेतला.
उचलला.
खाली आणला, हळू.
हवा कापली की नाही, माहीत नाही.
चुण्या हलल्या आणि परत जागेवर आल्या,
सातही.
पॅडल मारून सुजलेला माझा उजवा पाय
त्या घेरात कोणाला दिसत नव्हता.
मलाही.

शटरखाली दोन चपला.
काका, झालं का?
मी तसाच, गज वर.
ती वाकून आत आली. पाहिलं. हसली नाही.
अंगरख्याचा पदर सोडला, परत घातला,
डावा वर.
उजवा वर असला, म्हणाली, तर तो मेलेला.

आमच्यात मेलेल्याला शिंपी लागत नाही,
मी म्हटलं,
म्हणून हे कधी शिकायचं राहिलं.

मग कटिंगच्या टेबलावर तिने घडी दाखवली.
नेसायला लागतो त्याहून वेळ घडीला.
एकेक चुणी तळहाताने दाबायची,
बोलायचं नाही.
रस्त्यावरून साखळीची शेवटची बस गेली
तरी आम्ही दोघं चौथ्या चुणीवर.

शिलाई किती, तिने विचारलं.
मी शाळेच्या युनिफॉर्मचीच सांगितली.

रात्री बनियन काढली तर घामाने
कमरेभोवती निळा पट्टा उतरलेला.
बायकोने धुवायला घेतली.
वेगळ्या बादलीत टाक, म्हटलं.