आश्रोबाला चिनी येत होतं

सेलूत जिनिंगच्या मागं मुनीरचं व्हिडिओ सेंटर.
वर पत्रा, खाली तरट, आणि एकवीस इंची टीव्ही
गोणपाटाआड झाकलेला, नव्या नवरीसारखा.
तिकीट एक रुपया. सरकीचा वास फुकट.

कॅसेट परभणीहून यायची, एसटीत,
ड्रायव्हरच्या जेवणाच्या डब्याला टेकून.
पिक्चर चिनी. खाली अक्षरं नाहीत,
असती तरी वाचली कुणी असती?
म्हणून आश्रोबा.

दिवसभर काट्यावर कापसाची वजनं पुकारायचा,
रात्री टीव्हीच्या उजव्या अंगाला डबा उलटा टाकून
चीन सांगायचा.

"हे म्हातारं हाय ना, हे गुरू. पेलंय.
म्हणतंय, दोन घागरी भर, डोक्यावर घे, उलटा लटक.
पोरगं म्हणतंय, कामून?
सांजच्याला नळ येणार हाय की!"

आमचे हिंदीतले हिरो वीस जण लोळवायचे
आणि भांगही विस्कटायचा नाही.
हा एक ठोसा मारायचा
अन् मग स्वतःच्याच मुठीवर फुंकर घालत
एका पायावर नाचायचा.
आधी पळायचा. बाकाखाली शिरायचा.
वाळत घातलेल्या धोतरात गुरफटून
चुकून जिंकायचा.
लढता लढता कुणाच्या तरी वाटीतली
वाफेची करंजी तोंडात टाकायचा.

गाठी उचलून पाठी सोललेले हमाल
तिथं मांडीला मांडी लावून बसायचे.
शिडी खांद्यावर घेऊन माणूस वळला
की मागच्याचं थोबाड जातं,
हे त्यांना चीननं शिकवायची गरज नव्हती.
शिडी दिसली की ते आधीच हसायचे.

रेच्यावरची चंद्रकला एकदा लेकराला घेऊन आली.
दारातच उभी. पदर तोंडात.
"आश्रोबा, हे मारायलंय का नाचायलंय?"
"त्यालाच अजून उमगंना, बाई."

एका रात्री लाईट गेली.
हिरोचा पाय वर, गुंडाच्या जबड्यापासून चार बोटं.
कुणी उठेना.
आश्रोबानं अंधारात तो पाय पुढं नेला,
गुंडाला हौदात घातलं, हौदातून म्हशीवर,
म्हातारा गुरू शुद्धीत आणला, त्याचं लग्न लावलं.
दीड तासानं लाईट आली,
टीव्हीतला पाय तिथंच, आणि पुढं
हौद नाही, म्हैस नाही.
लोक मुनीरच्या अंगावर धावले,
"कॅसेट खोटी आणलीस!"

पण पिक्चर संपला, नावं वर सरकू लागली
की आश्रोबा गप्प व्हायचा.
तेव्हा बाजूला चुकलेले शॉट दाखवायचे.
उडी हुकलेली. डोकं दगडावर.
कापूस लावलेला कान, धावत आलेली माणसं,
आणि तो, रक्ताच्या तोंडानं हसणारा.
"सांग की," आम्ही म्हणायचो.
"आता काय सांगू? हे खरं हाय."
असं म्हणून आपला उजवा हात झटकायचा,
हिरो झटकायचा तसाच.
रेच्यात दोन बोटं गेलेला हात.
आम्ही लहान होतो. आम्हाला ती नक्कल वाटायची.

परवा मोबाईलवर तोच पिक्चर सापडला.
खाली मराठी अक्षरं.
गुरू म्हणतो, "संयम हेच खरे सामर्थ्य, वत्सा."
नळाचं नावच नाही.
मी अक्षरं बंद केली.
पोरगी म्हणाली, "पप्पा, आता कसं कळणार?"
म्हटलं, सरक इकडं.
हे म्हातारं हाय ना, हे पेलंय.

ती हसली, शिडीपर्यंत हसत राहिली.
मग नावं वर सरकू लागली.
"हा खरंच पडला का?" तिनं विचारलं.

मी माझी सगळी दहा बोटं
मांडीखाली घेऊन बसलो होतो.