मनीषनगर, दुसरा माळा, माझी मतं

झाडेंचा ईशान लॅपटॉप उघडून बसला आहे.
पडद्यावर माझं घर
माझ्याहून गोरं दिसतं.
छताखाली अजून एक छत, त्यात लपलेले दिवे,
आणि सोफ्यावर एक उघड्या खांद्यांची बाई
जिनं नागपूरचा मे कधी काढलेला नाही.

काऊन रे, म्हटलं, आहे त्या छताला काय झालं?
गरम हवेला वर जायला जागा लागते,
माणसाला रुसायला खोली लागते तशी.

भिंतींचं म्हणशील, तर एक तरी मोकळी ठेवावी.
पश्चिमेची नको, ती तव्यासारखी तापते,
तिला कपाटं लाव, पुस्तकं, गाद्या, जुनी बिलं,
घरात जे जे जाड असेल ते.
मोकळी ठेवायची तिच्या समोरची.
साडेचारला गॅलरीच्या जाळीचं ऊन तिथं येतं
आणि स्विचबोर्डापर्यंत सरकत जातं.
त्याच्यावर फ्रेम टांगणं म्हणजे
बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं.

कूलर लपवू नकोस.
चार महिने तोच घरातला कमावता माणूस.
बाकीचे आठ त्याच्या पोटात रिकाम्या बरण्या ठेवते मी,
पेन्शनर काही बोलत नाही.

कडप्प्याला लोक गरिबी समजतात.
त्यांनी एप्रिलात दुपारी दोनला
त्याच्यावर पाठ टेकावी, मग बोलावं.

दारामागे पाच खुंट्या. आम्ही चारच आहोत,
पण कोणाचं हेल्मेट असतं,
कोणाचा डोक्याला बांधून आलेला दुपट्टा.

कळमन्यातून आणलेल्या संत्र्याच्या पेट्या
घासून, तेल पाजून, एकावर एक.
पुस्तकं उघडली की मार्चपर्यंत सालीचा वास.
हे मत कोणीच मानत नाही.
बहीण म्हणते, घर होय का गोडाऊन?

चुकते मीही. बैठकीला केशरी रंग माझाच हट्ट होता.
सहा वर्षं आम्ही सगळे
ताप आल्यासारखे दिसलो.

पण स्टुलाबाबत मी ऐकणार नाही.
तिथं ईशाननं उंच कुंडी काढली आहे, प्लास्टिकच्या गवताची.
मी म्हणते, दाराजवळ स्टूलच पाहिजे.
शेंडे मिस्त्रींनी उरलेल्या सागाचं केलेलं,
एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी.
कारण आलेल्याला बस म्हणावं तर सोफा लांब असतो
आणि न म्हणावं तर बाहेर पंचेचाळीस डिग्री.
त्यावर कुरियरवाला बसतो, मीटर बघणारी पोरगी बसते.
लिफ्ट बंद पडली की चौथ्या माळ्यावरचे मेश्राम सर
पिशवी मांडीवर घेऊन दम खातात, दोन मिनिटं.
त्यांच्या मुलीचं मोडलेलं लग्न
मला त्या दोन मिनिटांत कळलं.
सोफ्यावर बसवलं असतं
तर ते हवामानावर बोलले असते.

ईशान सगळं लिहून घेतो. मान हलवतो.
पटलं की थकला, कळत नाही.
लॅपटॉप मिटतो, दाराशी जातो
आणि बूट घालायला, अर्थातच,
स्टुलावर बसतो.
एका बुटाची लेस बांधून होते.
मग, खाली बघतच:
काकू, मी बेसा रोडला भाड्यानं राहतो.
एकच खोली. मालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही.
तीन वर्षं झाली, शर्ट खुर्चीवरच असतात.

दुसरी लेस तशीच.

मी पाणी आणायला उठते.
माठ ओट्याच्या डाव्या टोकाला आहे, सिंकपासून दूर,
खिडकीची झुळूक लागेल असा.
त्याचंही कारण आहे,
पण ते नंतर सांगेन.