गवताच्या पात्यातली खाण

एप्रिल सरत आला की काल्यो कुंपणापलीकडच्या कुरणात
गुडघ्यांवर बसतो,
एकेक पातं सूर्यापुढे धरून बघतो.
एकतीस वर्षं शेल खणला त्यानं कोहत्लाच्या खाणीत,
आता म्हातारपणी हे.
शेजारची लाइने विचारते, काही हरवलंय का?
मी हो म्हणते, आणि धुणं वाळत घालते.

परवा काळा पाव कापत होते, तर हातात पातं दिलं.
बघ, वाइके.
हिरव्यात एक पांढुरकी वाट,
टोकाशी दोऱ्याइतकी, खाली येता येता रुंदावलेली,
आणि तिच्या शेवटाला अळी, कणीएवढी,
इवलंसं काळं तोंड चालू.
वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा,
मधलं तेवढं पोखरलेलं.
ना खांब, ना लाकडाचा टेकू.
"छत बसत नाही," काल्यो म्हणाला,
चांगल्या मुकादमाबद्दल बोलावं तसं.
मग जरा थांबून,
"आणि आत उजेड आहे."

हिवाळाभर ती आतच होती,
बर्फाखाली, वाळक्या गवताच्या बुडाशी.
मला खाणीचं फाटक आठवलं,
ज्या फेब्रुवारीत रात्रपाळी वर यायला दुपार झाली
आणि आम्ही बायका हातमोजे विसरून उभ्या होतो.
त्यावर आमच्या घरात बोलत नाहीत.

मे महिन्यात ती बाहेर पडते म्हणे.
कोष विणत नाही,
उघड्या पात्यावर
कमरेला एक धागा बांधून पडून राहते.
आणि जूनमध्ये, रात्री दहाला ऊन कलतं तेव्हा,
गवताच्या शेंड्यांवर पांढरं काहीतरी भुरभुरतं,
पापणीच्या केसाएवढं, करड्या ठिपक्यांचं.
शास्त्रातलं नाव त्यानं एकदा सांगितलं होतं.
तो स्वतः मात्र म्हणतो, "शिफ्ट सुटली."

बुधवारी योह्वीच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीची फिल्म
खिडकीशी धरली.
डावीकडे एक पांढुरकी वाट,
वरच्या टोकाला दोऱ्याइतकी.
त्या काही बोलायच्या आत हा पुढे वाकला,
बोटानं तिचा माग काढत गेला,
आणि अगदी कौतुकानं विचारलं,
"कुठवर पोचलीय?"

येताना बसमध्ये त्याच्या खिशातून गवत सांडलं.
मी गोळा केलं.
कुरण यंदा जुलैत कापू, म्हणाला.
बरं म्हटलं.
विळ्याला धार मी लावून ठेवलीय.