हातमोजा

उशियाची करंगळी अनामिकेकडे झुकलेली आहे,
जन्मापासून,
शेजारणीच्या वहीत डोकावणाऱ्या मुलीसारखी.

बाप म्हणाला, मी येत नाही,
आज समुद्र बरा आहे.
त्याची बोट पहाटेच गेली.
मालपिकाहून पहिल्या बसनं
आई तिला कोरुन्याच्या इस्पितळात घेऊन आली.
उजव्या हातात लोकरीचा हातमोजा. एकच.
जून महिन्यात.

डॉक्टर ब्रेआ बाईंनी तो काढायला सांगितलं नाही.
स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले
आणि वाट पाहिली.

बऱ्याच वेळानं तिसरा हात आला शेजारी.
मग खिशातून चौथा.
तोही तसाच.

दुखतं?
नाही.
मूठ मिटते? मिटली, घट्ट,
अंगठा आत लपवून.
तळहाताच्या रेघा पाहिल्या, कान,
दोन डोळ्यांमधलं अंतर, पायांची बोटं,
छातीवर गार स्टेथोस्कोप, हलवून हलवून.
एवढ्याशा करंगळीसाठी अख्खी मुलगी कशाला,
आईच्या ओठांवर आलं, राहिलं.

कधी कधी वाकडं बोट
भलतीकडेच काही दाखवत असतं, बाई म्हणाल्या.
इथे तसं दिसत नाही.

एक्स-रेत मधलं हाड
आखूड, एका बाजूला निमुळतं,
घाईत कापलेल्या चीजच्या फोडीसारखं.
बावीस अंश. डावीकडे वीस.

घरात आणखी कुणाचं आहे असं?
नाही, लगेच.
मग खिडकीबाहेर बघत:
सासऱ्यांचं होतं.
पण ते जाळ्याच्या दोरात अडकून मोडलेलं.
कुठल्या हाताचं?
दोन्ही.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
आणि तुमच्या नवऱ्याचं?

लग्नाच्या फोटोत त्याचे हात खिशात आहेत.
बारशाच्याही.
नऊ वर्षं एका ताटाशी बसून
आपण काय पाहत होतो,
आई आठवत राहिली.

कागदावर लिहून मिळालं:
पट्टी नको, शस्त्रक्रिया नको,
हाडं वाढताहेत, वर्षानं पुन्हा दाखवा.
हातमोजा बसमध्येच राहिला.
कुणी मागे वळून शोधला नाही.

संध्याकाळी बापानं बोट धक्क्याला बांधली,
दोन वेढे, एक गाठ,
हातांत रबरी मोजे.
काय म्हणाले?
आई बोलणार होती.
बर्फ उतरत होता, पेट्या मोजणारा आमारो
आकडे ओरडत होता,
उशिया मध्ये आली,
ओल्या पेटीवर आपले दोन्ही हात
पालथे ठेवले

आणि वाट पाहिली.