उंटाच्या केसांची दोरी

उद्यमबागेत, फौंड्रीच्या भिंतीला लागून माझं गॅरेज.
सकाळी शटर वर केलं तर गाडी दारात,
हँडलला रबरबँडनं चिठ्ठी :
सर्व्हिसिंग. एअर फिल्टर बघा. क्लच जड लागतोय.
बँकेतून पाचला येते. रेणुका पावसकर.

आडनाव पावसकर, आणि अठ्ठावीस दिवस
जैसलमेरच्या पलीकडं,
जिथं रस्ता म्हणजे पुढं गेलेल्या जीपची चाकोरी
आणि वारा सुटला की तीही नाही.
एवढंच फोनवर सांगितलं तिनं.
बाकीचं गाडी सांगते.

डावा फूटरेस्ट आत वळलाय, त्याच अंगाचा आरसा नवा.
म्हणजे पडली. तीनदा तरी,
आणि तिन्ही वेळा डावीकडंच.
फोनवर म्हणाली होती, "पडले नाही हो काका, कुठंच."
चेन लोंबलेली, स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार :
मैलोन् मैल दुसऱ्या गिअरवर रडत गेलंय इंजिन.
टाकीच्या दोन्ही बाजूंना रंग उडालाय
गुडघ्याएवढा.
उभ्यानं चालवली वाळूत.
वय चौपन्न. शाब्बास गं बाई.

फिल्टरचं झाकण काढलं
तर कालच्या पेपरावर,
सीमाखटल्याच्या पुढच्या तारखेवर,
ओंजळभर वाळू.
तारीख झाकली गेली. मी लगेच झटकली नाही.

वाळू मला नवी नाही.
अकरा वर्षं पलीकडच्या फौंड्रीत साचे भरलेत.
ती वाळू काळी, ओलसर, मूठ उघडली
तरी बोटांचे ठसे जपून ठेवणारी.
ही बारीक रव्यासारखी,
घट्ट धरावी तर जास्तच निसटते.
बसू मोल्डर चहाला आला, चिमटीत घेऊन चोळली,
कन्नडमध्ये स्वतःशीच काही पुटपुटला,
मग मला म्हणाला,
"ह्यात ओतकाम व्हायचं न्हाई शट्टुप्पा,
आकारच धरीना की ही."

मग क्लच.
लिव्हरपाशी तार तुटलेली,
आणि तुटल्या जागी दोरी. उंटाच्या केसांची,
तपकिरी, राठ, तीन पदरी.
तारेचं टोक दुमडून तिच्यात गुंतवलेलं
आणि वर एक गाठ,
चाळीस वर्षांत मला कुणी न दाखवलेली.
ओढली की आवळते,
सोडली की सुटत नाही, फक्त सैलावते,
लिव्हरला हवी तेवढीच.
मारणाऱ्यानं क्लच कधी उघडून बघितला नसेल.
ओढ म्हणजे काय, ते जनावराकडून शिकलेला माणूस.

पाचला ती आली, गळ्यात बँकेचं ओळखपत्र,
नाकाचं कातडं अजून सोलवटलेलं.
"एक म्हातारा होता," म्हणाली.
"त्याची भाषा मला येईना, माझी त्याला.
नंबरप्लेटवर बोट ठेवून हातानंच विचारलं, कुठली?
मी कर्नाटक म्हणायला गेले, मग महाराष्ट्र,
मग नुसतं बेळगाव म्हटलं.
त्याला तिन्ही सारखीच लांब.
पैसे घेईना. कुंद्याचा एक डबा उरला होता, तो दिला.
पहिला घास त्यानं उंटाला चारला.
उंटानं थुंकला."

हसलो दोघंही.

नवी तार घातली, वीस मिनिटांचं काम.
जुनी टाकून देऊ का, असं गिऱ्हाइकाला विचारायचं असतं.
विचारलं नाही. तिनंही मागितली नाही.
पान्यांच्या शेजारी खिळ्याला टांगलीय :
ज्याची माझी कधी गाठ पडायची नाही
त्याची गाठ.
बिलात तार, ऑइल, फिल्टर, मजुरी.
पडण्याबद्दल मी काही बोललो नाही,
फूटरेस्ट तेवढा सरळ करून दिला, फुकट.

रात्री शटर ओढायच्या आधी सुतळी घेऊन बसलो.
तीनदा मारून बघितली, तिन्ही वेळा सुटली.
चौथ्यांदा नुसतीच ताणून धरली
थोडा वेळ,
पलीकडून कुणी ओढतंय का
बघत.