हजेरी

धरणगावच्या पुढं, एरंडोल रस्त्याला
आमची जिनिंग.
गेटवर पाटी : बिडी-काडी येथे ठेवावी.
पाटीखाली स्टुलावर हिलाल
आणि त्याच्या पायाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
शेठ महिन्यातून एकदा येतात, जळगावहून.
गाडीची काच खाली होते,
चांदीचा लायटर
काडेपेट्यांच्या ढिगात मुकाट जाऊन पडतो.
हिलालचा पगार सगळ्यांत कमी.

सत्ता कुठं असते, हे मला
इथं कारकून झाल्यावर कळायला लागलं,
तेही एकदम नाही.
मॅनेजर बडगुजर साहेबांना फिरती खुर्ची आहे, शिक्का आहे,
मागं भिंतीवर प्रमाणपत्र.
पण कापसाचा ट्रॅक्टर आत आला
की सगळे बघतात
तडवी ग्रेडरच्या दोन अंगठ्यांकडं.
चिमूटभर रुई. ओढली. तुटली. ओठ मुडपले.
भाव दोनशेनं खाली,
एक शब्द न बोलता.

आणि जानेवारीत प्रेस अडला तेव्हा
सतरा गाड्या रांगेत, साहेब दोन-दोन फोनवर,
सुपडू मिस्तरी मात्र गेटबाहेर, उकिडवा.
"तिले थंडी व्हवू दे," एवढंच.
त्याची बिडी संपेपर्यंत
साहेब उन्हात उभे.
मी खिडकीतून पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू,
बरं वाटलं.

माझ्याकडं काय,
एक मस्टर
आणि लाल पेन.

बेबाबाई नऊ मिनिटं उशिरा आली.
पोराला ताप होता म्हणे. हे मला नंतर कळलं,
तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पट्टी लावून रेघ मारली : अर्धा दिवस.
मारून झाल्यावर पुन्हा एकदा पाहिली.
छान सरळ आली होती.

दुसऱ्या दिवशी चाळीस बाया
आठच्या ठोक्याला पट्ट्यापाशी हजर.
घोषणा नाही, निवेदन नाही.
भिंतीवर साहेबांनीच डकवलेला कागद होता :
प्रत्येक पुंजका तपासून कवडी वेगळी काढावी.
त्यांनी प्रत्येक पुंजका तपासला.
उलटा करून. उजेडात धरून.
पट्टा उपाशीच फिरत राहिला,
रोलर एकमेकांना घासत गरगरले,
संध्याकाळी मोजल्या तर गाठी निम्म्या.

"काय चाललंय हे?"
मुकादम कोकिळाबाईनं मान वर केली नाही.
"आम्ही ते नियममाच शेतस, भाऊ."

भाऊ म्हणाली. साहेबांना.

लाल शाई खोडरबरानं जात नाही.
रेघेवर रेघ मारावी लागते, समासात "दुरुस्त" लिहावं लागतं,
आणि खाली सही. कारकुनाची.
आठ वर्षांत माझ्या सहीवाचून
कुणाचं अडलं ते त्याच दिवशी.
शाई वाळेपर्यंत बडगुजर साहेब
टेबलाशी थांबले. खुर्ची होती, बसले नाहीत.

बेबाबाईनं शनिवारी पाकीट मोजलं,
दोनदा,
आणि माझ्याकडं न बघता गेली.

सोमवारी गेटवर मी खिशातलं पेन काढून
हिलालच्या डब्यात टाकलं.
त्यानं उचललं, टोपण काढून हुंगलं.
"येन्हाघाई आग लागस का, भाऊ?"
मागं बायांचा टेम्पो हॉर्न देत होता.
पेन परत खिशाला लावलं.
मस्टर भरायचं होतं.