शेरा

कंडक्टर ओरडतो, "मेंटल कॉर्नर, पुढं या!"
आणि अर्धी बस वळून बघते, कोण उठतंय.
मी उठते.
खडूची पेटी, पाण्याची बाटली, डब्यात शेंगदाण्याचे लाडू.
पायऱ्या मुद्दाम सावकाश उतरते.

गेटवरचे खैरमोडे नवीन आहेत.
"नातेवाईक?"
नाही.
"मग पेशंट?"
होते.
रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही.
पेनचं टोपण चावत ते विचार करतात,
शेवटी लिहितात : इतर.

गुरुवार, अकरा ते साडेबारा, बायकांचा वॉर्ड.
आजचा धडा : विचारायचं कसं.
मी डॉक्टर होते. गळ्यात स्टेथोस्कोप म्हणून ओढणी.
"काय, झोप लागते ना? छान, छान,"
आणि निघाले पुढच्या खाटेकडे.
नफिसाने मला ओढणीला धरून थांबवायचं
आणि म्हणायचं : या गोळीचं नाव काय?
सात वर्षं ती तिला 'पिवळी चपटी' म्हणते,
शेजारीण असावी तशी.
पहिल्या खेपेला तिला हसूच येतं.
दुसऱ्या खेपेला विचारते, पण जमिनीला.
तिसऱ्या खेपेला "साहेब, माफ करा हं" पासून सुरू करते
आणि माफीतच वाक्य संपून जातं.

टिळेकरबाई फळ्यावर ठसठशीत लिहितात : आमचे हट्ट.
हक्क लिहायचं होतं.
कुणीतरी चूक दाखवतं.
त्या हात झटकतात, "घरी हाच शब्द चालायचा."
मी पुसत नाही.

मग द्वारका.
तेवीस वर्षं इथं. केस कानाच्या वर, दर महिन्याला कुणीतरी कापतं.
तुमची पाळी, मी म्हणते.
"नको."
एकदाच करून बघा ना.
"नको म्हटलं ना. मला ऊन खायचंय."
आणि भर वर्गातून उठून
व्हरांड्यात जाऊन बसते, पाय पसरून.

मला राग आला. खोटं कशाला बोलू?
हजेरीत तिच्या नावापुढं पेन टेकलं
आणि हात आपसूक लिहायला लागला :
सहका

तिथं थांबला.
हे वळण ओळखीचं.
माझी फाइल, निळी शाई, पान चौथं :
सहकार्य करत नाही.
मी एवढंच म्हटलं होतं तेव्हा,
आंघोळ करताना दार लोटून घेऊ द्या.

खोडायचं तर सिस्टर विचारणार, काय खोडलं.
सुचेल तसं अक्षर पुढं ओढलं.
सहकारनगर, लिहून टाकलं.

हजेरी तपासताना सिस्टर मोठ्यानं वाचतात,
"द्वारका, सहकारनगर? ही कधी बोलली नाही पत्ता!"
बाहेरून, उन्हातून,
मान न वळवता आवाज येतो,
"सहकारनगर नाही. धनकवडी.
पिठाच्या गिरणीमागं. नीट लिहा."

वॉर्ड गप्प.
लाडू खाणाऱ्यांचे जबडेसुद्धा थांबले.
सिस्टरनी पेन मागितलं माझ्याकडं
आणि लिहिलं. नीट लिहिलं.
पलीकडं गिरणी अजून आहे का, तिथं कुणी आहे का,
हे कुणी विचारलं नाही. मीही.

रात्री घरी पाणी आलं नाही.
सोसायटीच्या सेक्रेटरीला फोनवर आवाज चढवला,
इमारतीतल्या सगळ्यांनीच चढवला होता आज.
स्वयंपाकघरातून भाऊ, प्रेमानं,
"गोळी घेतलीस ना?"

सगळी उत्तरं मला येतात. मी शिकवते ती.
गोळीचं आणि पाण्याचं काय नातं, दादा.
किंवा नुसतं, मी चिडलेय.

"घेतली," मी म्हणते,
फरशीला.

पुढच्या गुरुवारी नफिसाला डॉक्टर करीन.
ओढणी तिच्या गळ्यात.
धरून बघीन.